बुधवारचं चार्जिंग

फ्यूजला ऊठसूट फोन बघायची खोड होती. बातम्या बघण्यासाठी नाही की गप्पा मारण्यासाठी नाही. तो बायकोच्या व्हॅनचा चार्ज बघायचा. चार्ज चढला की बरं वाटायचं, उतरला की जीव खालीवर. जेवताना एक हात ताटात, दुसरा फोनवर. मुळातच उतावळा माणूस, त्यात गाडी अशी मिळाली की तिच्या पोटात किती उरलंय ते बसल्या जागी दिसतं. मग काय, बघायलाच नको.

फ्यूज हे नाव थोरल्या भावाने ठेवलेलं. जरा ताण आला की हा उडतो, म्हणून. दोघे भाऊ मिळून वायरिंगची कामं करायचे तेव्हापासून ते चिकटलं, आणि आता गिऱ्हाइकंसुद्धा बिनदिक्कत ‘फ्यूजभाऊ’ म्हणतात. भावाशी मात्र तीन वर्षं बोलणं नव्हतं. झालं असं, की फ्यूजच्या डोक्यात विजेच्या गाड्यांचं खूळ शिरलं. पुढे घरोघरी चार्जर बसणार, आपण आत्ताच या कामात शिरू, असं त्याचं म्हणणं. दादा म्हणाला, “असलं डबडं माझ्या भिंतीला कधी लागायचं नाही.”

दादाचं काम कसं, तर बोर्ड बसवला की त्याच्या चारही स्क्रूंच्या खाचा उभ्या. एकही आडवी नाही, तिरकी नाही. त्याच्या खेरीज जगात कुणाच्या लक्षातही यायचं नाही, पण गिऱ्हाईक दारात ताटकळत असलं तरी हा आपला चौथा स्क्रू केसभर फिरवत बसलेला. त्या दिवशी भांडण तापलं आणि फ्यूज बोलून गेला, “तू बस स्क्रू सरळ करत. तोवर लोक कुठल्या कुठे जातील.” दादाने हातातला स्क्रू ड्रायव्हर फडक्याने पुसला आणि पिशवीत ठेवला. दादाच्या घराला लागूनच दोघांचं दुकान होतं, तिथून फ्यूज उठला तो पुन्हा त्या गल्लीत फिरकला नाही. बोलल्याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण माफी मागायला जायचं म्हणजे आधी त्या दारात उभं राहायचं, आणि तेवढंच त्याच्याने होत नव्हतं.

धंद्याने मात्र त्याला हात दिला. निम्म्या वस्तीत त्याने चार्जर बसवले. स्वतःसाठी एक छोटी गाडी घेतली, तिच्या डिकीत हत्यारं. बायकोचा पडद्यांचा व्यवसाय. घरोघरी जाऊन मापं घ्यायची, कापड दाखवायचं, शिवून आणून टांगून द्यायचं. तिच्यासाठी व्हॅन घेतली. गाड्या दोन आणि घराच्या भिंतीला चार्जर एक, त्यामुळे संध्याकाळी कुणाची गाडी आधी लागणार यावरून रोज थोडी खडाजंगी. “तुमच्या त्या डबीला काय, साध्या प्लगवरही भागेल,” असं म्हणून ती गन ओढून व्हॅनला लावायची. ही गन म्हणजे चार्जरच्या वायरीचं टोक, गाडीत खुपसायचं. डबीला साध्या प्लगवर भागायचं नाही हे तिला पक्कं ठाऊक असायचं.

पूर्वी फोनवर व्हॅन कुठे उभी आहे तेही दिसायचं. पण हा माणूस स्वस्थ बसेल तर शपथ. ती चौकात थांबली की याचा फोन, “का थांबलीस?” पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यावर थांबली की, “तिथे काय काम?” एक दिवस तिने गाडी आणून दारात लावली, किल्ली याच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, “घ्या. मी पायी फिरते. मला पाळत ठेवलेली चालत नाही.” मग फ्यूजने नाक मुठीत धरून कबूल केलं, की यापुढे व्हॅन कुठे गेली हे विचारणार नाही. जागा दाखवायचं तिने बंद करून टाकलं. चार्ज तेवढा दिसत राहिला, कारण तो कसा बंद करायचा हे तिला सापडलं नाही.

आणि तिथेच घोळ झाला.

एका बुधवारी दुपारी फ्यूज कुणाच्या तरी जिन्यात वायर ओढत होता. सवयीने फोन काढला तर व्हॅनचा चार्ज सकाळपेक्षा जास्त. त्याला वाटलं, आकडा चुकला. थोड्या वेळाने पाहिलं तर आणखी चढलेला. गाडी चार्जिंगला लावलेली होती, पण घरी नव्हे, घरचा चार्जर तर फोनवर रिकामा दिसत होता. रस्त्यावरच्या चार्जरवर लावली असती तर पैसे कापल्याचा निरोप आला असता, तोही नाही. संध्याकाळी तो काही बोलला नाही. शब्द दिला होता ना. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बरं झालं, फुकट चार्ज मिळतोय. घरचं विजेचं बिल खरोखरच कमी आलं होतं, आणि बिल कमी आलं म्हणून रात्र रात्र तळमळणारा माणूस बहुधा हा एकटाच. कारण त्याला कळत होतं ते दुसऱ्याला कळलं नसतं. साध्या प्लगवर चार्ज मुंगीच्या पावलाने चढतो. रस्त्यावरचे मोठे चार्जर धडाधड भरतात. हा चढत होता तो ना तसा, ना असा. संथ, एकसारखा. हा घरातला चार्जर होता, भिंतीवर नीट बसवलेला. म्हणजे दर बुधवारी दुपारी त्याच्या बायकोची व्हॅन कुणाच्या तरी घरी दोन-दोन तास उभी असते, आणि ते कुणीतरी इतकं आपलं आहे की वीजही फुकट देतं. फ्यूजच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली.

“आज कुठली मापं घेतलीस?” एका बुधवारी त्याने अगदी सहज, निदान त्याला वाटलं तितक्या सहज, विचारलं.

“एका जुन्या घराची,” ती म्हणाली. “खिडक्या बऱ्याच आहेत.”

“किती बुधवार लागतात खिडक्या मोजायला?”

तिने कात्री खाली ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं. “विचारणार नाही म्हणाला होतात.”

तिच्या आवाजात राग नव्हता, काहीतरी दडपून ठेवल्यासारखं होतं. राग असता तर परवडला असता. सतरा वर्षांचा संसार, एकमेकांच्या उचक्या ओळखतात अशी दोघं. बायको गेली तर आपण काय करायचं, हा विचार त्याच्या मनात आयुष्यात पहिल्यांदा आला, आणि आला तो जायलाच तयार होईना.

आता पुढचं ऐका, कारण ही चूक चार्जर बसवणाराच करू जाणे. फ्यूज असं धरून चालला, की या भागात घरचा चार्जर आहे म्हणजे तो आपणच बसवलेला असणार. आपल्याशिवाय इथे आहे कोण? म्हणजे तो जो कुणी आहे तो आपलंच गिऱ्हाईक. मग काय, एकेकाचा चेहरा डोळ्यांपुढे आणून तो पारखायला लागला. शाळेतल्या मुख्याध्यापक बाई, सोडा. निवृत्त पोस्टमास्तर, त्यांना चार्जरचं झाकण उघडता येत नाही. राहता राहिले दातांचे डॉक्टर. एकटे राहणारे, देखणे, बोलणं मधासारखं. आणि दवाखान्याच्या खिडक्यांना पडदे कुणी लावून दिले होते? बायकोनेच. फ्यूजच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

पुढच्या बुधवारी दुपारी तो ‘सर्व्हिसिंग’ म्हणून त्यांच्या दारात हजर. असलं सर्व्हिसिंग त्याने जन्मात कुणाचं केलं नव्हतं.

“बरं झालं आलात,” डॉक्टर म्हणाले. “मला तुमच्याशी भांडायचंच होतं.”

फ्यूजच्या हातातली पक्कड घट्ट झाली. “भांडा.”

“बसवताना काय म्हणाला होतात? गाडी चालवायचा खर्च पेट्रोलच्या निम्म्याहून कमी होईल. कुठे झाला? बिल बघा माझं.”

चार्जरला डॉक्टरांचीच गाडी लावलेली. व्हॅनचा मागमूस नाही. फ्यूजने हळूच फोन पाहिला. व्हॅन या क्षणी चार्ज होत होती, दुसरीकडे कुठेतरी. सुटलो म्हणून त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने डॉक्टरांचं बिल खरोखरच वाचलं. डॉक्टर संध्याकाळी दवाखान्यातून आले की लगेच, वीज सगळ्यात महाग असते त्या वेळी गाडी लावत होते. वर गाडीत बसून, एसी लावून, गाणी ऐकत होते.

“घरात करमत नाही हो,” डॉक्टर जरा ओशाळून म्हणाले. “गाडीत बरं वाटतं.”

फ्यूजने चार्जरला वेळ लावून दिली, म्हणजे वीज स्वस्त झाल्यावरच तो आपोआप सुरू होईल. पैसे घेतले नाहीत. आपण या भल्या माणसाच्या दारात पक्कड आवळून उभे होतो, याची त्याला लाज वाटत होती. पण गाडीत येऊन बसला आणि पुन्हा डोकं सुरू. डॉक्टर नाहीत, मग कोण?

त्यानंतरचा आठवडा त्याने कसा काढला ते त्याचं त्याला माहीत. एका घरी फेज आणि न्यूट्रल वायरींची अदलाबदल केली, दुसरीकडे ड्रिल मशीन विसरून आला. घरी बायको काही बोलायला लागली की दचकायचा, बोलली नाही तरी दचकायचा. शेवटी बुधवार उजाडला तेव्हा त्याने ठरवलं, शब्द गेला खड्ड्यात. आज मागे जायचं.

सगळी तयारी केली, एक सोडून. आदल्या संध्याकाळी तिने गन ओढून व्हॅनला लावली होती आणि हा आपल्याच विचारात, डबी तशीच राहिली. निघाल्यावर कोपऱ्यावर लक्षात आलं, चार्ज अगदी बेताचा आहे. परत फिरावं तर व्हॅन हातची जाते. त्याने एसी बंद केला, काचा बंद ठेवल्या, कारण उघड्या काचांत वारा अडतो आणि गाडी चार्ज जास्त खाते, आणि घामाने निथळत तो मागे निघाला. दोन गाड्यांचं अंतर राखून, सिग्नलला ट्रकच्या आड लपून. त्या अवस्थेतही त्याचा एक डोळा व्हॅनवर, एक आकड्यावर. ती नदीवरच्या पुलाकडे वळली. पुलाचा चढ. आकडा भराभर उतरायला लागला.

पुलापलीकडे ती डावीकडे वळली तेव्हा फ्यूजला जरा चमत्कारिक वाटलं. मग रद्दीचं दुकान, मग पिठाची गिरणी. या रस्त्याचा प्रत्येक खड्डा त्याला पाठ होता. व्हॅन गल्लीत शिरली आणि त्या घरासमोर थांबली. दादाच्या.

फ्यूजने गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबवली. सगळ्यात आधी मनावरचा धोंडा उतरला, ते आधी सांगायला हवं. त्याला हसूच फुटलं. मग लगेच नाकाला मिरच्या झोंबल्या. आपली बायको, आपल्या पाठीमागे, आपलं जिथे बोलणं नाही त्या घरात. आणि मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली, तिने तो चक्रावून गेला. दादाकडे गाडी नाही. कधीच नव्हती. मग व्हॅन चार्ज कशावर होते?

परत जायचा विचार त्याने केला, खोटं कशाला बोला. आकड्याकडे पाहिलं. तो लाल झाला होता आणि लुकलुकत होता. पुलाचा चढ या गाडीच्याने आता होणार नव्हता. भर रस्त्यात, चार्जर बसवणाऱ्याची गाडी चार्ज संपून उभी, आणि येणारेजाणारे ढकलताहेत. त्यापेक्षा दादा परवडला. त्याने गाडी रांगत रांगत घरापर्यंत नेली, खाली उतरला आणि सवयीने दार आपटलं.

“फ्यूज आला,” ओट्यावरून आवाज आला.

दादा खुर्चीत बसला होता. तोंड गल्लीकडे, पण फ्यूजकडे नाही, त्याच्या जरा उजवीकडे. केस पार पिकलेले. वहिनी दारात उभी राहिली, हात ओले. बायको व्हॅनला गन लावत होती. तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या घामेजल्या चेहऱ्याकडे, मग डबीच्या लाल आकड्याकडे. तिने व्हॅनची गन काढली आणि डबीला लावली. आत खट्कन आवाज झाला.

“लागली,” दादा म्हणाला, आणि समाधानाने मागे टेकला. “हा आवाज मला आवडतो.”

फ्यूज कुणाशी काय बोलावं न कळून भिंतीकडे गेला. ओट्याच्या बाजूला चार्जर होता, आणि त्याच्या खाली स्विचचा बोर्ड. चार्जर बरोबर त्याच बाजूला होता जिथून वायर फ्यूजच्या दोन्ही गाड्यांना, डबीला आणि व्हॅनला, पोचेल. त्याने सवयीने बोर्डाचे स्क्रू पाहिले. वरचा डावा तिरका. उजवा जवळजवळ आडवा. खालचे दोन दोन दिशांना. हे कुणा शिकाऊ माणसाचं काम, असं त्याच्या मनात आलं. पण वायर भिंतीवरून आणली होती ती दादाच्या पद्धतीने, प्रत्येक वळणाला जरा जास्तीची सोडून, पुढे कुणाला काम करावं लागलं तर त्याची सोय म्हणून. असं वायरिंग जगात दोनच माणसं करत होती आणि त्यातला एक तो स्वतः.

तो वळला आणि दादाच्या डोळ्यांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

“कधीपासून?” त्याने वहिनीला विचारलं.

“दोन वर्षं होतील,” वहिनी म्हणाली. “कडेचं थोडं दिसतं. मधलं नाही. औषधं आणून द्यायला, डॉक्टरांकडे न्यायला ही येते. मला गाडी येत नाही आणि यांना बसमध्ये चढवत नाही.”

“आणि मला कुणी सांगितलं नाही.”

“मी दोघींना शपथ घातली होती,” दादा म्हणाला. “तुझ्या बायकोला बोल लावू नकोस. आंधळा झालो म्हणून तू धावत आला असतास. ते नको होतं मला.”

“मग हे?” फ्यूजने चार्जरवर हात ठेवला. तो कोमट लागला. “गाडी नाही, घोडा नाही. हे डबडं कशाला लावलंस?”

दादाने खुर्चीच्या हातावर बोटं फिरवली.

“तू काय, पाच मिनिटांचा पाहुणा,” तो म्हणाला. “कधीतरी आलास तरी दारातनं दोन शब्द बोलून पळणार. तुझ्या गाड्यांना भरायला वेळ लागतो म्हणे. म्हटलं, लावून ठेवावा. गाडी अडकली तर बसेल दोन तास.”

वहिनी मध्येच हसली आणि तिनेच डोळे पुसले. “मी रंग सांगत होते आणि हे जोडत होते. लाल म्हटलं, काळी म्हटलं, एक हिरवट आहे म्हटलं तर माझ्यावरच खेकसले. हिरवट म्हणजे काय, हिरवी म्हण. दोन महिन्यांपूर्वी तीन दिवस चाललं होतं. मग एका वायरमनला बोलावून तपासून घेतलं, तेव्हा कुठे मला झोप लागली.”

बायको व्हॅनला टेकून उभी होती. तिने फ्यूजकडे पाहिलं, आणि आत्ताच्या त्या बघण्यात काहीही दडपलेलं नव्हतं. आपण हिच्याबद्दल काय काय मनात आणलं, या विचाराने फ्यूजला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ते तो तिला पुढे कधीतरी सांगणार होता आणि ती त्याला महिनाभर चिडवणार होती, दातांच्या डॉक्टरांवरून तर जास्तच. पण आत्ता तो बोर्डासमोरून हलेना.

“फ्यूज,” दादा म्हणाला.

“हं.”

“ते स्क्रू बोटांनी चाचपून लावलेत मी. खाच लागते हाताला, पण उभी की आडवी, ते आता नीट कळत नाही.” तो थांबला. “उभे आहेत ना रे?”

फ्यूजच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर होता. तो कायम असायचा. त्याचा हात तिकडे गेलासुद्धा. मग त्याने तो तसाच बाहेर काढला, रिकामा.

“उभे आहेत,” तो म्हणाला. “चारही. एका रेषेत.”

वहिनीने बोर्डाकडे पाहिलं, मग दिराकडे, आणि ती आत निघून गेली. दादाने मान डोलावली. फ्यूजच्या खिशात फोन थरथरला, डबीचा चार्ज वाढल्याचा निरोप. त्याने काढून पाहिला नाही.

“मग सांग,” दादा म्हणाला, आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात ते जुनं चिडवणारं हसू आलं. “लोक कुठवर गेले?”

“कुठे जातात,” फ्यूज म्हणाला. “चार्ज संपला त्यांचा.”

आणि तो दादाच्या खुर्चीशेजारी ओट्यावर बसला.